इस्त्रीखालचं कांबळं

भिंगमावशींचा विश्वास या गोष्टीवरच विश्वास नव्हता. दूध आलं की आधी वास घ्यायच्या, मग बोट बुडवून चाखायच्या आणि तरीही पहिला चहा नवऱ्याला द्यायच्या. त्याला काही होत नाही असं दिसलं की मग आपला कप उचलायच्या. कुणी काही फुकट देऊ केलं की दोन पावलं मागे सरायच्या. एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरला दाखवायच्या, आणि दोघांचं एकमत झालं तर म्हणायच्या, "आतून मिळालेले दिसतात."

भिंगमावशी हे नाव लाँड्रीतल्या बायकांनी पाडलेलं. कोट धुऊन, वाळून समोर आला की मावशी कॉलर उलटी करून अशा बघत, की कोट घालणारा माणूस तिथे उभा असता तर कबुलीजबाब देऊन मोकळा झाला असता. पण मावशींच्या हाताखालून गेलेल्या कोटावर डाग राहिला, असं कधी झालं नाही. एरवी शेजाऱ्यांना नको झालेला त्यांचा स्वभाव लाँड्रीत मात्र उपयोगी पडायचा.

ही लाँड्री अणुकेंद्राची होती. केंद्राचे दोन भाग होते आणि मधे उंच भिंत. पुढच्या भागाला मोठी पाटी, फुलझाडं, पाहुण्यांसाठी खुर्च्या. तिथे वीज, आजारी माणसांसाठी लागणारी किरणांची औषधं, संशोधन, असं सगळं सांगण्यासारखं काम चाले. शाळेच्या सहलीसुद्धा येत. मागच्या भागाला पाटी नव्हती. तिथे काय चालतं असं कुणी विचारलं, आणि सीमेपलीकडचा शेजारी तर उठताबसता विचारायचा, की सरकारचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "याबाबत आम्ही हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही." याला साहेबलोक धाकाचं धोरण म्हणत. झाकली मूठ सव्वा लाखाची हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. त्यासाठी एवढे सूट शिवायची काय गरज होती, ते सरकारच जाणे.

मावशी पुढच्या लाँड्रीत होत्या आणि त्यांचे यजमान मागच्या. दोघांची ओळखच मुळी इस्त्रीवर झालेली. बाजारातल्या एका दुकानात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना दोघं उभी राहत. तो शर्ट करायचा, ती साड्या करायची. पुढे लग्न झालं, केंद्रात भरती निघाली आणि दोघांनाही घेतलं. मधे फक्त भिंत आली. मागचे कपडे पुढे यायचे नाहीत, पुढचे मागे जायचे नाहीत, आणि मागचं बोलणंही पुढे यायचं नाही, असा नियम होता. नवऱ्याने भरतीच्या दिवशीच तशी शपथ घेतलेली. तो मागच्या लाँड्रीत आहे, हेही त्याने बायकोला कधी सांगितलं नाही. पण ज्या माणसाला इस्त्रीखेरीज दुसरं काही येत नाही तो तिथे आणखी काय करणार, एवढं मावशींना कळत होतं.

न कळणारी गोष्ट वेगळीच होती. हा माणूस रोज संध्याकाळी आंघोळ करून घरी यायचा. केस ओले, भांग पाडलेला, अंगाला साबणाचा वास. "तिथे उकडतं," एवढंच सांगायचा. उन्हाळ्यात ठीक होतं, पण कडाक्याच्या थंडीतही तसाच यायचा. नवरा न्हाऊनमाखून घरी येतो याचा जो अर्थ जगातली कुठलीही बायको लावेल, तोच मावशींनी लावला. त्याच्या कॉलरी तपासल्या, खिसे उलटे केले. एकदा तर रजा काढून त्याच्या मागोमाग गेल्या. तो बसमधून उतरला, मागच्या फाटकावर ओळखपत्र दाखवलं आणि आत गेला. आत कुणी बाई असेलच तर ती सरकारी असणार आणि तिचीही शपथ झालेली असणार, असं पुटपुटत मावशी परतल्या. संशय काही गेला नाही. तो संसाराबरोबर म्हातारा होत गेला, एवढंच.

मग एके वर्षी मागचा भाग बंद झाला. तिथे काही होतं असं सरकारने कधी म्हटलंच नव्हतं, त्यामुळे बंद झालं असंही म्हणता येईना. जे होतं की नव्हतं ते आता नाही, अशा थाटाचं काहीतरी टीव्हीवर सांगितलं गेलं. मागची माणसं निवृत्त झाली, त्यात यजमानही. शेवटच्या दिवशी ते जन्मात पहिल्यांदा पुढच्या लाँड्रीच्या मागच्या दाराशी आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मोठं बोचकं होतं.

"तुझं टेबल कडक लागतं म्हणतेस ना? मनगट दुखतं म्हणतेस. हे घे, चादरीखाली अंथर."

मावशींनी कागद सोडला. आत लोकरीचं कांबळं निघालं. जाड, जड, इस्त्रीखाली अंथरायला याहून चांगलं मिळणार नाही असं. पण त्यांनी ते टेबलावर पसरलं आणि कपाळाला आठी पडली. एका टोकाला ते आटून गोळा झालं होतं. टेबलाची वीतभर जागा उघडीच राहत होती.

"हे कुणी उकळलंय? लोकरीला कोमट पाणी सोसत नाही आणि कुणा गाढवाने हे उकळत्या पाण्यात घातलंय! इस्त्रीवाल्यांच्या जातीला कलंक."

यजमान हसले. "वापर गं. फक्त घरी आणू नकोस, इथेच ठेव."

घरी आणू नकोस, म्हणजे काय? मावशींच्या मनात पाल चुकचुकली. पण इस्त्री फिरवून पाहिली तर बाहीची घडी अशी पडली, की बटणं शिवणारी बाई टाळी वाजवून म्हणाली, "मावशी, या घडीवर तर भाजी चिरता येईल." पाल गप्प बसली. उघड्या राहिलेल्या टोकाला मावशींनी टॉवेलची घडी ठेवायला सुरुवात केली, आणि रोज सकाळी ती ठेवताना त्या न पाहिलेल्या माणसाला म्हणायच्या, "मूर्ख कुठला."

पुढे देशाने एका मोठ्या करारावर सही करायचं ठरवलं. करार असा, की आमच्याकडे तसली अस्त्रं नाहीत, आम्ही ती करणार नाही, या आणि तपासा. यजमान आता दिवसभर टीव्हीपुढे बसून त्यावरच्या चर्चा ऐकत. लाँड्रीतही तोच विषय.

"म्हणजे ज्यांच्याकडे आधीपासून ढीग आहे त्यांनी ठेवायचा," बटणवाली दोरा दाताने तोडत म्हणाली, "आणि बाकीच्यांनी शपथा घ्यायच्या. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून!"

"तू हळू बोल. भिंतीला कान असतात," मावशी म्हणाल्या.

"असू देत की. मी काय भिंतीपलीकडचं सांगतेय? टीव्हीवरचंच सांगतेय."

बटणवाली ही अशी. तिच्या पोटात काही राहायचं नाही, आणि म्हणूनच असेल, मावशींचा जगात कुणावर संशय नसेल तर तो हिच्यावर नव्हता.

तपासनीस आले. त्यांच्यात एक मध्यमवयीन परदेशी बाई होती, तिला सगळे पाहुणीबाई म्हणू लागले. बरोबर एक दुभाषी. बाईच्या पेटीत पांढऱ्या सुती कापडाचे चौकोनी तुकडे होते, प्रत्येक वेगळ्या पिशवीत. हातमोजे चढवायची, एक तुकडा काढायची, खिडकीची कड पुसायची, पिशवीत बंद करायची. मग नवे हातमोजे, नवा तुकडा. दाराची मूठ, नळाची तोटी, कपाटाचा माथा. लाँड्रीत आली तेव्हा साहेबांनी टेबलावर घालायला लावलेल्या कोऱ्या चादरीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. खाली वाकली आणि टेबलाच्या कडेची खालची बाजू पुसली, जिथे कुणाचं फडकं जात नाही.

मावशींना ती बाई तिथल्या तिथे आवडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्यासारखं कुणी भेटलं होतं. त्या दुभाष्याला म्हणाल्या, "त्यांना सांगा, मीही आधी तिथेच बघते." दुभाष्याने सांगितलं. पाहुणीबाईने मावशींकडे बारीक डोळे करून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. कौतुक की संशय, ते मावशींना कळलं नाही. तिच्या जागी त्या स्वतः असत्या तर त्यांनी संशयच घेतला असता.

काही आठवड्यांनी निकाल आला आणि केंद्रावर आभाळ कोसळलं. त्या सुती तुकड्यांपैकी एकावर एक कण सापडला होता. डोळ्यांना दिसणार नाही एवढा, पण असल्या अस्त्राखेरीज ज्याचा कशालाच उपयोग नाही, अशा धातूचा. आणि सापडला कुठे, तर पुढच्या भागात, शाळेची सहल जिथून जाते त्या बाजूला, लाँड्रीत.

मग काय विचारता! पुढच्या भागात लपून काम चालतं, असं बाहेरचे देश म्हणू लागले. शेजाऱ्याने सीमेवर फौज हलवली. निर्बंध येणार, औषधं मिळेनाशी होणार, अशा बातम्या आल्या आणि दुकानांपुढे रांगा लागल्या. केंद्राच्या डॉक्टरने लाँड्रीतल्या बायकांना तपासून सांगितलं, की एवढ्याशा कणाने माणसाला काही होत नाही. "देशाला होतं," असं तो खालच्या आवाजात पुढे म्हणाला. सुरक्षासाहेबांनी एकेकीला खोलीत बोलवायला सुरुवात केली. मुद्दाम कुणी आणून टाकला का, हा त्यांचा प्रश्न. बटणवालीचा मुलगा परदेशात नोकरीला होता. एवढं पुरलं. सुतावरून स्वर्ग गाठणारी माणसं ती. तिचं ओळखपत्र काढून घेतलं आणि चौकशी संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही असं बजावलं.

तिची सुई-दोऱ्याची डबी तशीच खिडकीत राहिली. दुसऱ्या दिवशी मावशी कोट इस्त्री करत होत्या, आणि कशाने कोण जाणे, नजर टेबलाच्या कडेला गेली. पाहुणीबाईने पुसलेली ती कड. चादरीखालून कांबळ्याची तूस निघून तिथे साठली होती. करडी, बारीक. मावशींचा हात थांबला. करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनी घाईघाईने इस्त्री उचलली. बाहीवर तपकिरी डाग पडला होता. इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

कांबळं मागच्या लाँड्रीतलं होतं. त्यावर किती वर्षं मागचे कोट इस्त्री झाले असतील! आणि मग दुसरी गोष्ट आपोआप उलगडली. ओले केस. साबणाचा वास. बाई नव्हतीच कधी. मागच्या माणसांना घरी सोडण्याआधी आंघोळ घालत होते. तिथलं काही अंगाला चिकटून घरी जाऊ नये म्हणून.

कुणा बायकोला हे कळल्यावर हायसं वाटलं असतं. मावशींना क्षणभर वाटलंही. आणि लगेच पुढचा विचार आला. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. तिथलं घाण आहे, अंगावर घरी न्यायचं नाही, हे या माणसाला रोज संध्याकाळी ठाऊक होतं. आणि तरी तिथलं कांबळं माझ्या हाताखाली अंथरलं. वर म्हणाले, घरी आणू नकोस. स्वतःच्या घराची काळजी केली आणि माझी केली नाही. आंघोळीपुरतं ठाऊक आणि कांबळ्यापुरतं विसरले, असं होतं का कधी?

कांबळ्याचं करायचं काय, हा आणखी एक घोर. धुतलं तर मशीनला लागणार. जाळलं तर धुराड्याला. पुरलं तर मातीला. आणि पाहुणीबाई पुन्हा येणार होती, कापडाचे तुकडे घेऊन. बोलावं, तर सरकारी वस्तू बंद भागातून बाहेर काढली म्हणून यजमान आत. न बोलावं, तर बटणवाली आत. मावशींनी चादर सारखी केली, टॉवेलची घडी जागेवर ठेवली आणि त्यावरच पुढचा कोट घेतला. दुसरं काही सुचलंच नाही.

घरी त्या नवऱ्याकडे चोरून बघू लागल्या. तो जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुतो. नेहमीच धुवायचा. पण आता त्या हात धुण्याचा आवाजसुद्धा वेगळा ऐकू येऊ लागला.

"तुमच्या तिथे पाणी गरम असायचं का हो?" त्यांनी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठे?"

"जिथे तुम्ही जायचात तिथे."

यजमानांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "का विचारतेस? तुला कुणी विचारायला सांगितलंय?"

"मला कोण सांगणार!"

"मग मी याबाबत हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही," ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. एरवी हा त्यांचा ठेवणीतला विनोद होता. भाजीत मीठ जास्त आहे का विचारलं, तरी ते हेच म्हणत. त्या दिवशी मावशींना तो थोबाडीत मारल्यासारखा लागला.

त्याच आठवड्यात मावशींनी कंबर दुखण्याचं निमित्त करून अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. यजमानांनी का म्हणून विचारलं नाही. ते आता मावशी फोनवर बोलू लागल्या की दाराशी रेंगाळत. मावशींनी पिशवी ठेवली की तिच्याकडे बघत. मावशींच्या लक्षात आलं, की केंद्रातल्या साहेबांनी मला फितवलंय, असा ह्यांना संशय येतोय. दोघंही एकमेकांवर पाळत ठेवून होती, दोघंही मूग गिळून होती, आणि टेबलावर जेवणाची ताटं मात्र वेळच्या वेळी येत होती. मधे काही फुटत नव्हतं, एवढ्याला शांतता म्हणायची असेल तर घरात शांतता होती.

सुट्टीच्या दिवशी मावशी बटणवालीकडे गेल्या. पडदे ओढलेले. रस्त्यापलीकडे एक माणूस उगाच स्कूटर पुसत उभा. बटणवाली, जिच्या पोटात काही राहायचं नाही ती, कुजबुजत बोलत होती.

"मावशी, मी मुलाशी फोनवर बोलणं बंद केलंय. शेजारीण दार उघडत नाही. काल मलाच वाटायला लागलं, की माझ्याच हातून काही पडलं असेल का? तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला तर सगळ्यांचं सगळं दिसतं."

मावशींना तिच्याकडे बघवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते त्यांना त्या अंधाऱ्या खोलीत लख्ख कळलं. त्या चहा न पिताच उठल्या. वास घेऊन नव्हे, लाज वाटून.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच सुरक्षासाहेबांच्या दारावर उभ्या राहिल्या. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ आणि कुलूप लावलेलं कपाट. साहेबांच्या कोटाची कॉलर मावशींनी सवयीने पाहून घेतली. स्वच्छ होती. मग त्यांनी सगळं सांगितलं: कांबळं, तूस, टेबलाची कड. नवऱ्याचं नावही घेतलं, कारण त्याशिवाय गोष्ट उभीच राहत नव्हती. "त्यांनी काय ते चांगल्यासाठी केलं असेल, नसेल, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण बटणवालीने काही केलेलं नाही."

साहेबांनी समोरची फाईल उघडली. "मावशी, तुमचे यजमान इथे माळी होते."

"कोण?"

"तुमचे यजमान. नोकरीभर माळी. पेन्शनही माळ्याचीच चालू आहे."

मावशींना घरातली कुंडी आठवली. यजमानांनी हौसेने आणलेली तुळतुळीत पानांची झाडं त्या कुंडीत एकामागून एक माना टाकत. "साहेब, त्या माणसाच्या हातून निवडुंग मरतो!"

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "मागे लाँड्री नव्हतीच. लाँड्री नव्हती तर इस्त्री नव्हती, इस्त्री नव्हती तर कांबळं कुठलं? तो कण परदेशातून आलेल्या जुन्या मशीनवर चिकटून आला असावा. आम्ही तसं कळवणार आहोत."

"त्यांना पटेल?"

"नाही पटणार."

"मग खरं का नाही सांगत? जुनं आहे, बंद झालंय, एका कांबळ्याला लागलं होतं. विषय संपला."

साहेब उठून खिडकीशी गेले. "समजा, सांगितलं. मग ते कांबळं तपासतील. काय होतं, किती होतं, कधी थांबलं, सगळं त्यांना कळेल. सीमेपलीकडेही कळेल. आज तो शेजारी फौज आणतो आणि थांबतो. का थांबतो? त्याला खात्री नाही म्हणून. आपल्याकडे असलं तर काय, नसलं तर काय, त्यापेक्षा त्याला खात्री नाही हे महत्त्वाचं. शंका हीच आपली भिंत आहे, मावशी. ती आपण आपल्या हाताने पाडायची का?"

मावशींना हे पटलं की नाही कोण जाणे, पण समजलं. संशयावर संसार कसा चालतो, हे त्यांना शिकवायला नको होतं. "ठीक आहे. देशाचं तुम्ही बघा. मला फक्त एक सांगा. आमच्या ह्यांना तुम्ही लोकांनी सांगितलं होतं का, की तिथलं कापड बाहेर नेलं तर दुसऱ्याला बाधतं? त्यांना ठाऊक होतं की नव्हतं?"

"या प्रश्नाचं उत्तर दिलं, तर ते तिथे होते हे मान्य करावं लागेल."

"म्हणजे माझ्या घरातली शंका पण देशाच्या कामाची?"

साहेबांनी फाईल बंद केली. कांबळं आजच उचललं जाईल, टेबलही बदललं जाईल, आणि तुम्ही इथे आलाच नव्हतात, असं त्यांनी सांगितलं.

मावशी दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "बटणवालीला उद्या कामावर घ्या."

"चौकशी चालू आहे."

"पाहुणीबाई परत येणार आहेत ना? त्यांना माझं काम आवडलंय. दुभाषीही चांगला आहे, माझं बोलणं त्याला नीट कळतं."

साहेबांचा चेहरा बदलला. "मावशी, तुम्ही धमकी देताय?"

मावशींनी पदर सारखा केला. "मी हो म्हणत नाही, साहेब. नाही म्हणत नाही."

बटणवालीचं ओळखपत्र दुसऱ्या दिवशी सकाळी घरपोच गेलं. लाँड्रीत नवं टेबल आलं होतं, भिंतींना ताजा रंग लागला होता, आणि त्या रंगामुळे बाहेरच्या लोकांचा संशय दुप्पट होणार हे मावशी त्याच्या वासावरून सांगू शकल्या असत्या. खिडकीतली डबी उघडत बटणवाली नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात ते काही खरं नाही हं मावशी!" मावशी हसल्या. पण त्यांचं मन कामात नव्हतं.

त्या संध्याकाळी यजमान टीव्हीपुढे होते. पडद्यावर सरकारचा माणूस तेच वाक्य बोलत होता. मावशींनी टीव्ही बंद केला आणि पुढ्यात उभ्या राहिल्या.

"कांबळं घेऊन गेले."

यजमानांच्या हातातला रिमोट मांडीवर पडला. "कोण?"

"सरकार. तो कण त्याच्यातलाच होता. मला एकच विचारायचंय. तुम्ही रोज आंघोळ करून घरी यायचात. म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मग ते माझ्या हाताखाली का अंथरलंत?"

"अगं, मी याबाबत—"

"ते वाक्य या घरात पुन्हा काढलंत ना," मावशी ओरडल्या, आणि त्यांचा आवाज फाटला, "तर मी उठून जाईन! इतकी वर्षं मी तुमच्या कॉलरी तपासल्या. मला वाटायचं बाई आहे. बाई असती तर परवडलं असतं हो!"

यजमान खाली मान घालून बोलू लागले, थांबत थांबत, कारण या विषयावर बोलायची त्यांच्या जिभेला सवयच नव्हती.

"शेवटच्या दिवसांत सगळं जाळायला नेत होते. कोट, चादरी, सगळं. कांबळं तेवढं चांगलं होतं. तू रात्री मनगट धरून बसायचीस. मला वाटलं, हे तुला मिळालं तर..." ते थांबले. "आम्हाला एवढंच सांगितलं होतं, की अंग धुवा आणि घरी जा. अंग धुतलं की झालं. मग मला वाटलं, कापडही धुतलं की झालं. आपण जन्मभर तेच केलं ना गं? धुतलं की गेलं."

"धुतलं?"

"उकळत्या पाण्यात. एकदा केलं, मन भरेना. पुन्हा केलं. मग पुन्हा. एक टोक भांड्याच्या तळाला राहिलं, ते पार आटलं. लोकरीला सोसत नाही हे का मला कळत नव्हतं? पण तुला द्यायचं होतं. कांबळं बिघडलं तर बिघडलं, म्हटलं."

"आणि घरी आणू नकोस म्हणालात ते?"

"चोरलं होतं ना. इथे झडती झाली असती तर तुलाही धरलं असतं."

मावशी खुर्चीवर बसल्या. डोळ्यांपुढे ते आटलेलं टोक आलं, टेबलाची वीतभर उघडी जागा आणि टॉवेलची घडी. रोज सकाळी, न चुकता, त्यांनी त्या माणसाला शिवी दिली होती. इस्त्रीचं काम येणारा माणूस लोकर उकळतो तेव्हा त्याच्या मनात काय असेल, हा प्रश्न सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला कधी पडलाच नव्हता. कांबळं हाती होतं तोवर खऱ्याखोट्याचा पुरावा हाती होता. आता तो सरकारने नेला होता, आणि ते कांबळं कधी नव्हतंच असं ठरलं होतं.

"मूर्ख कुठला," त्या म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

यजमान उठले. आत जाऊन भांड्यांची आदळआपट करत त्यांनी चहा केला आणि एकच कप आणून बायकोपुढे ठेवला. मग सवयीने म्हणाले, "थांब, आधी मी घेतो."

मावशींनी कप आपल्याकडे ओढला, वास न घेता तोंडाला लावला आणि सगळा पिऊन टाकला.